अवटुग्रंथीचे मांद्य आणि यकृताचे आरोग्य

पनवेल आणि मीठ यांचा संबंध फार जुना आहे. पनवेल, पेण व उरण या तालुक्यांच्या खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे पिकत आली. ज्या आगरी समाजाने ती कसली, त्याच्या नावाचा संबंधही ‘आगर’ या शब्दाशी जोडला जातो. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर या भागाचे रूप पालटू लागले आणि अनेक आगरांच्या जागी वसाहती व रस्ते आले. १८५२ साली स्थापन झालेल्या पनवेल नगरपालिकेचे २०१६ साली महानगरपालिकेत रूपांतर झाले. एका बाजूला उंच इमारतींची नगरे आणि दुसऱ्या बाजूला कर्नाळा, प्रबळगड यांच्या पायथ्याशी असलेल्या कातकरी व ठाकूर समाजाच्या वाड्या, असे या तालुक्याचे आजचे चित्र आहे.

मिठाच्या या प्रदेशात एक समज अजूनही रूढ आहे. समुद्र जवळ, मीठ घरचे आणि जेवणात मासळी, तेव्हा येथे आयोडीनची उणीव असणार नाही, असे मानले जाते. हा समज बरोबर नाही. तसेच कावीळ झाली म्हणजे दोष केवळ यकृताचा, हाही समज पुष्कळ वेळा अपुरा ठरतो. गळ्यातील एक लहानशी ग्रंथी मंदावली, तर तिचा परिणाम थेट यकृतावर होतो आणि यकृत बिघडले, तर त्या ग्रंथीच्या तपासणीचे आकडेही फसवे ठरू शकतात. ग्रामपातळीवर काम करणाऱ्यांना हा संबंध ठाऊक असेल, तर अनेक रुग्णांचे योग्य निदान वेळेवर होईल. नवजात बालकांच्या बाबतीत तर या माहितीवर एका संपूर्ण आयुष्याचे भवितव्य अवलंबून असते.

दोन अवयवांची भागीदारी

अवटुग्रंथी, म्हणजेच सर्वसामान्यांच्या बोलण्यातील थायरॉईड, ही गळ्याच्या पुढील भागात श्वासनलिकेला बिलगून असते. प्रौढ माणसात तिचे वजन सामान्यतः १५ ते २५ ग्रॅम भरते. आहारातील आयोडीन घेऊन ती प्रामुख्याने थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. शरीरातील पेशींनी कोणत्या वेगाने काम करावे, हे या संप्रेरकाच्या प्रमाणावर ठरते. अमेरिकेतील एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ साली ते शुद्ध रूपात वेगळे केले.

थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. परंतु पेशींवर खरा प्रभाव पडतो तो तीन अणू असलेल्या संप्रेरकाचा. वैद्यकीय अहवालांत या दोहोंचा उल्लेख अनुक्रमे टी-४ व टी-३ असा केलेला असतो. शरीराला लागणाऱ्या टी-३ पैकी सुमारे एक पंचमांश भागच अवटुग्रंथी स्वतः पुरवते. उरलेला भाग इतर अवयवांत टी-४ मधील आयोडीनचा एक अणू काढून तयार होतो. हे काम करणाऱ्या अवयवांमध्ये यकृताला महत्त्वाचे स्थान आहे. शिवाय ही संप्रेरके रक्तातून वाहून नेणारी प्रथिनेही मुख्यतः यकृतातच बनतात. थोडक्यात, माल एका ठिकाणी तयार होतो. त्याची वाहतूक आणि त्यावरील अखेरची प्रक्रिया यांचा मोठा भार यकृत उचलते.

या उपकाराची परतफेड अवटुग्रंथीही करते. यकृताने रक्तातील कोलेस्टेरॉल उचलावे, चरबी जाळावी, पित्त वाहते ठेवावे आणि जुन्या रक्तपेशींतून निघणारे पिवळे द्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, शरीराबाहेर टाकावे, या सर्व क्रियांना तिच्या संप्रेरकांची चालना लागते.

ग्रंथी मंदावल्यास काय घडते

अवटुग्रंथीचे काम मंदावले, की थकवा, वजनवाढ, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे, आवाज जड होणे, स्त्रियांमध्ये मासिक पाळीच्या तक्रारी अशी लक्षणे हळूहळू दिसू लागतात. ही लक्षणे इतकी सर्वसाधारण असतात, की ‘कामाचा शीण’ किंवा ‘वयाचा परिणाम’ म्हणून ती अंगावर काढली जातात. भारतातील आठ शहरांत झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये हा विकार आढळला. या शहरांत मुंबई व गोवा यांचाही समावेश होता. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते.

याच काळात यकृतातही बदल होत असतात. रक्तातील कोलेस्टेरॉल उचलून घेणारी यकृतपेशींवरील केंद्रे कमी होतात आणि कोलेस्टेरॉल वाढते. चरबी जाळण्याचा वेग उतरल्यामुळे ती यकृतात साठण्यास मदत होते. पित्ताचा प्रवाह मंदावतो व पित्तखडे होण्याचा संभव वाढतो. यकृताच्या तपासणीतील विकरांचे आकडे काहीसे वाढलेले दिसू शकतात. यांपैकी एक विकर स्नायूंतही असते. अवटुग्रंथीच्या मांद्यात स्नायूंना इजा पोहोचत असल्याने यकृत चांगले असतानाही तो आकडा वाढलेला दिसतो. योग्य उपचार सुरू झाल्यावर यांतील बरेच बदल पूर्ववत होतात.

तथापि, येथे एक मर्यादा ओळखली पाहिजे. यकृतात चरबी साठण्याची, म्हणजे ‘फॅटी लिव्हर’ची, मुख्य कारणे लठ्ठपणा, मधुमेह व बैठे जीवन ही आहेत, मद्यपानामुळेही यकृतात चरबी साठते. अवटुग्रंथीचे मांद्य हे त्याचे साहाय्यक कारण असू शकते. प्रत्येक रुग्णात ते असतेच असे नाही. केंद्र शासनाने २०२१ साली फॅटी लिव्हरच्या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. या कार्यक्रमांतर्गत तपासणीला आलेल्या व्यक्तीला दीर्घकाळ थकवा, बद्धकोष्ठता किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असेल, तर अवटुग्रंथीचीही तपासणी करण्याविषयी डॉक्टरांना विचारणे हितावह होय. उलटपक्षी, ग्रंथीचे काम योग्य असताना केवळ वजन किंवा यकृतातील चरबी घटविण्यासाठी थायरॉक्सिनच्या गोळ्या घेणे धोक्याचे आहे. त्यामुळे हृदयाची गती बिघडते व हाडे ठिसूळ होतात.

या संबंधाचा उपयोग आता नव्या औषधांसाठीही होऊ लागला आहे. यकृतातील संप्रेरक-ग्राहकावर प्रामुख्याने कार्य करणाऱ्या रेसमेटिरोम या औषधाला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली. चरबीमुळे यकृताला सूज येऊन व्रण पडू लागलेल्या विशिष्ट रुग्णांसाठी ते आहे. आहारनियंत्रण व व्यायाम यांची जागा ते घेत नाही.

यकृत बिघडल्यास तपासणीचा अर्थ बदलतो

तीव्र कावीळ असताना संप्रेरक वाहून नेणारे प्रथिन रक्तात वाढते. त्यामुळे एकूण टी-४ चा आकडा वाढलेला दिसतो, जरी अवटुग्रंथी निरोगी असली तरी. यकृत दीर्घकाळ निकामी होत गेले, की टी-३ कमी भरते. म्हणून केवळ एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. मेंदूतील पीयूषिका ग्रंथीकडून येणारे टीएसएच हे संप्रेरक आणि प्रथिनाला न जोडलेले मुक्त टी-४ यांची तपासणी एकत्र पाहिली, म्हणजे खरी स्थिती कळते. अवटुग्रंथी मंदावली, की तिला जागे करण्यासाठी टीएसएच सामान्यतः वाढते.

या विषयातील संशोधनाची मोठी परंपरा पनवेलपासून दूर नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या वतीने १९६३ साली मुंबईतील परळ येथे सुरू झालेल्या विकिरण वैद्यक केंद्राने किरणोत्सारी आयोडीनच्या साहाय्याने अवटुग्रंथीच्या विकारांचे निदान व उपचार यांचे कार्य केले आहे. आज टीएसएचची तपासणी शहरांतील प्रयोगशाळांत सहज होते. अडचण उरते ती योग्य रुग्णाला योग्य वेळी तेथवर पाठविण्याची.

नवजात बालकाची लांबलेली कावीळ

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अनेक बालकांचे डोळे व त्वचा पिवळसर दिसते. पूर्ण दिवसांच्या बालकात ही स्वाभाविक कावीळ बहुधा दोन आठवड्यांच्या आत मावळते. या काळात कोणी गळ्यात काविळीची माळ घालते, कोणी चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरविते, कोणी केवळ कोवळे ऊन दाखविते. कावीळ मुळातच ओसरणारी असते; श्रेय मात्र माळेला मिळते. त्यामुळे पुढच्या बालकाची कावीळ ओसरली नाही, तरी घरातील माणसे विश्वासाने वाट पाहत राहतात. खरा धोका या वाट पाहण्यात आहे.

काही बालके जन्मतःच अकार्यक्षम अवटुग्रंथी घेऊन येतात. काहींमध्ये ती नसतेच. अशा बालकाच्या यकृतात बिलिरुबिनचा निचरा करणारी यंत्रणा उशिरा परिपक्व होते आणि कावीळ रेंगाळते. भारतातील पाहण्यांत साधारणतः १००० ते १२०० जन्मांमागे एका बालकात हा जन्मजात दोष आढळला आहे. असे बालक जन्मतः बहुधा अगदी सर्वसाधारण दिसते. पुढे ते फारसे रडत नाही, दूध कमी ओढते, खूप झोपते. त्याला शौचास कठीण होते, आवाज घोगरा असतो, जीभ मोठी दिसते, बेंबी फुगीर राहते. ‘मूल किती शांत आहे’ असे कौतुकही होते. परंतु या आठवड्यांत त्याच्या मेंदूची वाढ संप्रेरकाअभावी खुंटत असते आणि हे नुकसान मागाहून भरून येत नाही. जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू झाले, तर बहुतेक मुलांची बौद्धिक वाढ इतर मुलांप्रमाणे होऊ शकते. उपचार म्हणजे वजनाप्रमाणे ठरविलेली एक लहानशी गोळी, रोज.

म्हणून सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे कावीळ लांबण्याची वाट न पाहता जन्मानंतर ४८ तासांनी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन टीएसएचची तपासणी करणे. ही सोय जेथे असेल, तेथे पालकांनी ती आग्रहाने करून घ्यावी. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या विकारसूचीत गलगंडाचा व जन्मजात अवटुग्रंथीमांद्याचाही उल्लेख आहे.

जेथे ही तपासणी झालेली नाही, तेथे आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीचे मोल फार मोठे ठरते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग यशस्वी करून दाखविला. २०११ पासून ही सेवा देशभर सुरू झाली. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येते. त्यांपैकी १४ व्या दिवसाची भेट या दृष्टीने निर्णायक मानावी. त्या दिवशी बालकाला उजेडात पाहावे. डोळे पिवळे असतील, तर त्याला वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे. अपुऱ्या दिवसांच्या बालकासाठी ही मर्यादा २१ दिवसांची धरली जाते.

याच भेटीत आईला आणखी एक प्रश्न विचारावा: बाळाच्या शौचाचा रंग कसा आहे? तो पांढुरका किंवा मातकट असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका येते. हा दोष वेगळा आहे. त्याची शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते. लांबलेली कावीळ पुष्कळदा आईच्या दुधाशी संबंधित व निरुपद्रवी असते, हेही खरे. परंतु ती निरुपद्रवी आहे हे तपासणीनेच ठरते. स्तनपान मात्र कोणत्याही परिस्थितीत आपल्या मनाने बंद करू नये.

मिठागरातील मीठ व पुड्यातील मीठ

आयोडीनची उणीव हे अवटुग्रंथीच्या मांद्याचे एक टाळता येण्याजोगे कारण आहे. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असते. पण उन्हात मिठाचे स्फटिक बनताना ते त्यांत फारसे उतरत नाही. त्यामुळे आगरातील खडा मीठ कितीही शुद्ध असले, तरी त्यातून पुरेसे आयोडीन मिळत नाही. समुद्री मासळीतून काही आयोडीन मिळते. परंतु ज्या वाड्यांवर किंवा घरांत मासळी रोज पोहोचत नाही, तेथे त्यावर विसंबता येत नाही.

हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठामुळे गलगंड कमी होतो हे सिद्ध केले. त्यातून १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ साली त्याला आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे व्यापक नाव मिळाले. आयोडीनरहित मिठाच्या खाद्य विक्रीवर १९९७ साली बंदी आली, २००० साली ती उठली आणि मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दहा लाख भागांमागे किमान १५ भाग आयोडीन असले पाहिजे. याचा अर्थ १० ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळते. प्रौढ माणसाची रोजची गरज एवढीच आहे. गरोदर स्त्रीची गरज मात्र सुमारे २५० मायक्रोग्रॅमची असते, कारण गर्भाच्या मेंदूची वाढ तिच्यावर अवलंबून असते.

आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून दूर ठेवावे आणि शक्यतो पदार्थ शिजत आल्यावर घालावे. रक्तदाबाच्या दृष्टीने मीठ कमीच खावे. पण जे खावे ते आयोडीनयुक्त असावे. शहरी भागात आज आढळणारे बरेचसे अवटुग्रंथीमांद्य शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर हल्ला केल्यामुळे होते. १९१२ साली जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी या विकाराचे प्रथम वर्णन केले. तो अधिक आयोडीन घेतल्याने बरा होत नाही. त्यास थायरॉक्सिनच घ्यावे लागते.

औषधे घेताना

थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. गरोदरपणात मिळणाऱ्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यासोबत घेतल्यास ती नीट शोषली जात नाही. म्हणून या गोळ्यांमध्ये किमान ४ तासांचे अंतर असावे. मात्रा बदलल्यानंतर ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते. बरे वाटू लागले म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध यकृतातील विघटनक्रिया वाढविते व थायरॉक्सिन लवकर संपविते. अशा रुग्णाची मात्रा वाढवावी लागू शकते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात वापरल्या जाणाऱ्या इथिओनामाइडसारख्या औषधांमुळे अवटुग्रंथी मंदावू शकते. कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन औषधे सुरू करण्यापूर्वी ग्रंथीचे मांद्य नाही ना, हे पाहणे योग्य. कारण उपचार न झालेल्या मांद्यात या औषधांमुळे स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. रुग्णाने वनौषधी, काढे व भस्मे यांसह आपण घेत असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगावे, कारण त्यांचा निचरा करण्याचे काम बहुधा यकृतालाच करावे लागते.

गावाने काय करावे

शिक्षकांच्या नजरेस वर्गातील मुले रोज पडतात. उंची न वाढणारे, सुस्त, अभ्यासात अचानक मागे पडलेले किंवा गळा फुगलेले मूल दिसल्यास त्याला ‘आळशी’ न ठरविता आरोग्य पथकाच्या निदर्शनास आणावे. शालेय पोषण आहारासाठी येणारे मीठ आयोडीनयुक्त आहे, हे मुख्याध्यापकांनी पाहावे.

ग्रामपंचायत सदस्यांनी ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत दोन विषय आवर्जून घ्यावेत. पहिला, गावातील दुकानांत व आठवडा बाजारात विकले जाणारे मीठ. तपासणी संचातील द्रावणाचा एक थेंब चिमूटभर मिठावर टाकला आणि मीठ निळे-जांभळे झाले, की त्यात आयोडीन आहे असे समजावे. ही तपासणी शाळेत मुलांसमोर केल्यास तिचा संदेश घरोघरी पोहोचतो. दुसरा विषय, त्या महिन्यात जन्मलेल्या प्रत्येक बालकाची १४ व्या दिवसाची भेट झाली काय. आयोडीन न्यूनता विकार निवारणाचा दिवस २१ ऑक्टोबर रोजी पाळला जातो. त्या निमित्ताने हे काम सुरू करता येईल.

अधिकाऱ्यांनी दूरच्या वाड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. पनवेल परिसरात आज मोठी रुग्णालये व प्रयोगशाळा आहेत. तथापि, वाडीवरील बाळंतिणीला १५ व्या दिवशी तान्ह्या मुलाला घेऊन तेथवर जाण्यासाठी वाहन, सोबत आणि दिवसाची बुडणारी मजुरी यांचा प्रश्न असतो. शासनाच्या रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ व माता-बालकांसाठीचा क्रमांक १०२ प्रत्येक वाडीवर लिहिलेला असावा आणि त्याचा उपयोग कसा करावा हे तेथील कुटुंबांना समजावून सांगितलेले असावे.

घरात चौदा दिवसांचे बाळ असेल आणि त्याचे डोळे अजून पिवळे असतील, तर त्याच दिवशी त्याचे रक्त तपासले जावे. एवढे एक काम गावोगावी नियमाने झाले, तरी अनेक मुले पुढे आपल्या वयाच्या मुलांबरोबर शाळेच्या बाकावर बसतील.